एका बाजूने कोरे

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मावशीचा फोन आला. बोलणं एक मिनिटही चाललं नाही.

"ते आले होते," मावशी म्हणाली. "गिरणीत. चौघं. कुणाला काही विचारलं नाही गं, इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ पोत्यांपाशी गेले, पोती ओढली आणि दाराला लाथ घातली."

"आणि धाकटा?"

पलीकडे गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. फोन कट झाला होता. तिने सात वेळा परत लावला. वाजत होता, पण कोणी उचलत नव्हतं.

निवारागृहात तिला सगळे औषधवाली म्हणत. आपल्या गावी तिचं औषधांचं दुकान होतं, आणि इथेही कोणाचं डोकं दुखलं की पहिलं दार तिचंच वाजे. पाच महिन्यांपूर्वी सात वर्षांच्या मुलीला घेऊन ती या देशात आली आणि तिने आश्रयासाठी अर्ज केला. नवऱ्याला त्याआधी एका दुपारी दुकानातून उचलून नेलं होतं. गावातून अशी जितकी माणसं नेली गेली त्यांची यादी तिच्या धाकट्या भावाने केली. दाजींचं नाव यादीत चौदावं होतं. यादी गावाबाहेर पोचली आणि त्या दिवसापासून यादी करणाऱ्याचाच शोध सुरू झाला.

मावशीच्या पीठगिरणीत, गव्हाच्या पोत्यांमागे, कमरेएवढ्या उंचीचं एक दार आहे. आत झिजलेले दगड ठेवायची खोली. तिथे ती, मुलगी आणि धाकटा एकोणीस दिवस राहिले. निघायच्या दिवशी गाडीत दोघींपुरतीच जागा झाली. धाकटा मागे राहिला, त्याच खोलीत.

या देशात त्या दाराबद्दल तिने तोंड उघडलं होतं ते एकाच इमारतीत. बसमध्ये बसल्या बसल्या तिने त्या इमारतीतली माणसं बोटांवर मोजली.

मदत केंद्र तळमजल्यावर होतं. डावीकडच्या खोलीत वकीलबाई बसत. अर्ज, जबाब, तारखा हे सगळं त्यांच्याकडे. उजवीकडच्या खोलीत समुपदेशक बसत. निवारागृहातल्या बायका त्यांना रडूबाई म्हणत. त्या स्वतः कधी रडत नसत. पण त्यांच्या खोलीत गेलेली बाई कोरड्या डोळ्यांनी बाहेर आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. उजव्या खोलीत सांगितलेलं डाव्या खोलीत विचारल्याशिवाय जाणार नाही, हे तिला पहिल्याच दिवशी दोनदा समजावलं होतं आणि तशी सहीही घेतली होती. दोन खोल्या, दोन फायली, दोन कपाटं, दोन कुलपं. दोन्ही खोल्यांत बसणारा माणूस मात्र एकच होता. दुभाषी.

मोजणी त्याच्यापाशी येऊन थांबली. मुलीलाही दार माहीत होतं, पण इथे आल्यापासून पोरीने त्या खोलीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, रडूबाईंनी खोदून विचारल्यावरसुद्धा नाही.

दहा वाजता दुभाषी केंद्राच्या बाकावर बसलेला होता, रोजच्यासारखाच वेळेआधी. शाळेला सुट्टी असल्याने मुलगी बरोबर होती. ती "काका!" म्हणत धावली. औषधवालीने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"काय ताई, झोप झालेली दिसत नाही," तो म्हणाला.

"माझ्या झोपेची चौकशी तुला कशाला?"

आजवर ती त्याला दादा म्हणायची.

मुलगी मुलांच्या कोपऱ्यात, बुटक्या टेबलापाशी गेली. मोठी माणसं डाव्या खोलीत बसली. त्या दिवशीचं काम ठरलेलं होतं. जबाब पाच पानांचा, वकीलबाईंनी त्यांच्या भाषेत लिहिलेला. दुभाष्याने तो ओळीओळीने तिच्या भाषेत वाचून दाखवायचा, तिने प्रत्येक पानावर सही करायची आणि संध्याकाळी पाचच्या आत जबाब आश्रय कार्यालयात पोचवायचा. मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा मिळत नाही. जबाब गेला नाही तर अर्ज निकाली, आणि अर्ज निकाली म्हणजे परतीचं पत्र.

वकीलबाईंनी पहिलं पान पुढे सरकवलं. तिने त्यावर हात ठेवला.

"सांग त्यांना," ती दुभाष्याला म्हणाली, "मला हा माणूस नको."

दुभाषी लोक बोलताना "ती म्हणते" असं म्हणत नाहीत. जो बोलतो त्याच्याच तोंडाने बोलतात. पाच महिने हा पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस "मी एकोणीस दिवस माझ्या मुलीला छातीशी धरून बसले" असं शांतपणे बोलत आला होता. आता तक्रार त्याचीच होती, आणि ती पोचवणाराही तोच. मग त्याने ते वाक्य सांगितलं. वकीलबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"का?" त्यांनी विचारलं. त्याने तेही तिच्यापर्यंत आणलं.

"आज सकाळी माणसं सरळ त्या दारापाशी गेली. दार मी या खोलीत सांगितलं आणि त्या खोलीत सांगितलं. दोन्हीकडे हा होता. हा नदीपलीकडचा आहे, तोंड उघडलं की कळतं. आमची माणसं नेणारेही तिकडचेच होते."

त्याने सगळं सांगितलं. "हा" म्हणताना दर वेळी स्वतःच्याच छातीवर बोट ठेवलं. वकीलबाईंचा चेहरा उतरत गेला, तेव्हा तिला वाटलं, सांगितलंय बहुतेक खरंच. मग वाटलं, चेहरा कशानेही उतरेल.

"नीट सांगितलंस ना? की पदरचं घातलंस काही?"

"मी नीट सांगितलं म्हटलं तर तुम्हाला पटणार आहे का, ताई?"

"नाही पटणार."

"मी तिकडचा आहे म्हणून तर मला तुमची भाषा येते," तो म्हणाला. "इथला असतो तर आली नसती."

केंद्राचा नियम साधा होता: ज्याचं प्रकरण त्याने नको म्हटलं की दुभाष्याने उठायचं, वाद घालायचा नाही. तो उठला. वहीतून त्या दिवशीचं पान फाडलं. टिपणं ज्याची त्याच्यासमोर नष्ट करायची, हाही नियम होता आणि तो त्याने कधी चुकवला नव्हता. पानावर दोन ओळीही नव्हत्या; तरी त्याने त्याचे नखाएवढे तुकडे केले, टोपलीत टाकले आणि बाहेर पडलेला एक तुकडा वाकून उचलला. ती प्रत्येक हालचाल पाहत होती. इतकी काळजी कोण घेतं? ज्याला काही लपवायचं असतं तोच.

दारात तो वळला आणि फक्त तिला कळेल असं म्हणाला, "निवाऱ्यातली भिंतीवरची चित्रं तेवढी उतरवून घ्या."

तो गेला. तो काय म्हणाला, असं वकीलबाई खुणेने विचारत होत्या. पण आता ते त्यांना सांगायला खोलीत कोणी उरलं नव्हतं.

फोनवरून दुभाषी मिळायला सव्वाबारा वाजले. कुठल्यातरी दुसऱ्या शहरातली बाई होती. आवाज तुटत होता आणि तिच्या घरी एक कुत्रं सारखं भुंकत होतं. मुलांना कुणाच्याही कामात दुभाषी करायचं नाही असा केंद्राचा नियम, म्हणून मुलगी शेजारच्या कोपऱ्यात असूनही तिला बोलावता येत नव्हतं. उजव्या खोलीतून रडूबाई आल्या. औषधवालीने सगळं पहिल्यापासून सांगितलं. सांगताना मनात चालू होतंच, की ही फोनवरची तरी कोण? कुत्रं हिचंच कशावरून?

"आणि जाताना तो काय म्हणाला?" रडूबाईंनी विचारलं.

"पोरीची चित्रं भिंतीवरून उतरवा म्हणाला. निवाऱ्यात तो एकदाही आलेला नाही. आमच्या भिंतीवर काय आहे ते त्याला कसं ठाऊक?"

फोनवरच्या बाईने हे सांगून संपवलं आणि रडूबाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी मुलांच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे प्लॅस्टिकचा एक निळा ट्रे होता, त्यात कागद. त्या हळूच वकीलबाईंना काहीतरी म्हणाल्या. वकीलबाई पुढे झुकल्या. दोघींचं भराभर बोलणं झालं. त्यात तिचं नाव दोनदा आलं, ते तिला कळलं.

"हे सांगायचं का हिला?" फोनवरच्या बाईने आधी त्यांना विचारलं, आणि मग तोच प्रश्न प्रामाणिकपणे तिलाही सांगितला. "मी त्यांना विचारलं, हे सांगायचं का. त्या आत्ता नको म्हणाल्या."

औषधवाली उठली. मुलीचा हात धरला. "साडेतीनला फोन परत लावा म्हणावं. येते मी," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

निवारागृहात ती पोचली तेव्हा दोन वाजत आले होते. मुलांची चित्रं खोल्यांमध्ये नसत. पहिल्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, जेवणाच्या वेळांच्या पाटीशेजारी, ती चिकटपट्टीने लावलेली असत. हे काम किल्लीवालीचं. ती निवारागृहाची व्यवस्थापक; कमरेला किल्ल्यांचा जुडगा असल्याने ती येते आहे हे दोन मजले आधी कळायचं. मुलं हसरी राहावीत म्हणून तिने हा उपक्रम मनापासून चालवला होता. जेवायला जाणारा प्रत्येक माणूस त्या भिंतीसमोरून दिवसातून तीनदा जाई.

तिच्या मुलीची चार मांजरं होती. आई मांजर, बाबा मांजर, मावशी मांजर आणि पिल्लू. रंगीत खडूंनी दाबून भरलेली. बारा दिवस ती त्यांच्यासमोरून जात-येत होती आणि दर वेळी जरा बरं वाटत होतं.

तिने आई मांजराचा खालचा कोपरा उचलला. मागे छापील ओळी होत्या. तिला ती भाषा वाचता येत नव्हती, पण वरच्या कोपऱ्यातला आकडा येत होता. तिचा प्रकरण क्रमांक. झोपेतून उठवलं तरी तो तिने बिनचूक म्हणून दाखवला असता. बाबा मांजरामागेही तोच. मावशीमागे तोच. पिल्लामागे तोच.

तिने चारही कागद चिकटपट्टीसकट ओढून काढले.

"अगं, अगं, असं काय करतेस!" किल्लीवाली खुळखुळत आली. "छान आहेत की!"

"ती म्हणते छान आहेत," मुलीने लगेच सांगितलं. मुलांनी दुभाषी व्हायचं नाही असा नियम इथे निवारागृहात नव्हता.

खोलीत येऊन तिने दार लावलं, कागद पलंगावर उलटे मांडले आणि खालचे आकडे पाहिले. एक, दोन, तीन, पाच. हा पहिला मसुदा होता. दोन आठवड्यांपूर्वी दुभाष्याने तो वाचून दाखवला तेव्हा एका वाक्याला ती ओरडली होती, "हे नको, हे काढा!" वाक्य होतं: धाकटा अजून त्याच खोलीत आहे. वकीलबाईंनी त्यावर लाल पेनाने जाड रेघ मारली आणि दुसरा मसुदा छापला. या चार पानांवर लाल रेघ कुठेच नव्हती. म्हणजे ती चौथ्या पानावर होती.

"हे कागद कुठून आणलेस?"

"केंद्रातून. निळ्या ट्रेमधून. त्यावर लिहिलंय ना, एका बाजूने कोरे. त्यावर काढायचं असतं. त्याने झाडं वाचतात."

"आणि पाचवं चित्र?"

"मामा?" मुलगी म्हणाली. "मामा अर्धा राहिला होता. मंगळवारी तू आत रडत होतीस तेव्हा मी तिकडे बसून पुरा केला. मग काकांनी मागितला, तर दिला."

"काकांनी मागितला?"

"हो. आधी म्हणाले, हे मांजर कोण? मी म्हटलं, मामा. मग त्यांनी कागद उलटा केला. खूप वेळ बघत होते. मग म्हणाले, मला देतेस का? आणि म्हणाले, बाकीची कुठेत? मी म्हटलं, भिंतीवर."

औषधवाली पलंगाच्या कडेला बसली. मंगळवारी. मंगळवारी कळलं होतं तर मंगळवारीच का नाही बोलला? बुधवार गेला, गुरुवार गेला. आणि आज हाकलल्यावर, जाता जाता, का बोलला? चौथं पान कुणाच्या हाती लागू नये म्हणून त्याने नेलं, की कुणाच्या हाती द्यायला नेलं? भिंतीसमोरून रोज साठ माणसं जात. त्यांतली अकरा तिच्या देशातली, दोघं नदीपलीकडची, एक जण गेल्याच आठवड्यात दुसऱ्या निवाऱ्यात हलवलेला. पण चौथं पान भिंतीवर लागलंच नव्हतं. तिसऱ्यावर काय होतं? पोती होती? दार होतं? पान तिच्या मांडीवर होतं आणि तिला ते वाचता येत नव्हतं. वाचून दे म्हणावं असं माणूस कोणतं? मुलगी अक्षरं जुळवत डोकावू लागली, तसा तिने कागद पालथा घातला.

सव्वातीनला तिने चारही मांजरं वकीलबाईंच्या टेबलावर ठेवली. साडेतीनला फोनवरची बाई आली, कुत्र्यासकट.

कागद बारीक करायचं यंत्र तीन आठवडे बंद होतं, वकीलबाईंनी सांगितलं. नष्ट करायचे कागद खोक्यात भरून यंत्राखाली ठेवत होते. मुलांच्या ट्रेसाठी एका बाजूने कोरे कागद जमवायचं खोकं त्याच्याच शेजारी. कोणीतरी आवरताना ट्रे भरला, तो चुकीच्या खोक्यातून. कपाटांना कुलपं होती. खोक्याला नव्हतं.

"तिसऱ्या पानावर काय आहे?"

वकीलबाईंनी पान सुलटं केलं आणि वाचलं. "गिरणी आहे. पोती आहेत. दार आहे. तुमचा भाऊ नाही. तो चौथ्यावर आहे."

"चूक माझी आहे," फोनवरची बाई म्हणाली, "मी तसं लेखी देते." क्षणभराने औषधवालीच्या ध्यानात आलं, की हे वकीलबाई म्हणताहेत.

"दुपारीच कळलं होतं ना तुम्हाला?"

"शंका आली होती. आधी खात्री करून घ्यायची होती."

"तुम्ही खात्रीसाठी थांबलात," ती म्हणाली. "मी नाही थांबले. मी त्याला घालवून मोकळी झाले."

रडूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. केंद्रात त्यांना रडताना कोणी पाहिलं असेल तर ती पहिलीच वेळ.

दुभाष्याचा फोन बंद लागत होता. त्याला कामावर पाठवणाऱ्या संस्थेला विचारलं. एक वाजता त्याला एका रुग्णालयात जायचं होतं, तिथे तो पोचला नव्हता. न कळवता गैरहजर राहण्याची त्याची पहिलीच वेळ, असं संस्थेने सांगितलं.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"जबाब द्यावा लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "चूक आमची असली तरी मुदत तुमची जाते."

"ते एकोणीस दिवस काढून टाका."

"काढले तर तेवढा काळ मोकळा पडतो. मुलाखतीत अधिकारी पहिलं बोट तिथेच ठेवणार. खोटं बोलताय म्हणतील."

"म्हणू देत."

"ऐका, जी गोष्ट फुटलीच आहे ती लपवून आता काय..."

"मावशी एवढंच म्हणाली, की दाराला लाथ घातली. आत कोण सापडलं ते नाही म्हणाली," औषधवाली म्हणाली. "ते कळेपर्यंत ते दार मी कुठल्याच कागदावर घालणार नाही. तुमच्या नाही, त्यांच्याही नाही."

वकीलबाईंनी तिसरं आणि चौथं पान नव्याने छापलं. एकोणीस दिवसांच्या जागी एकच ओळ आली: या काळात मी कुठे होते ते आज सांगू शकत नाही. फोनवरच्या बाईने पाचही पानं ऐकून तिला तिच्या भाषेत सांगितली. औषधवालीने सह्या केल्या. जुने कागद तिने पिशवीत घातले, आणि कोणी मागितलेही नाहीत. चार वाजून शेहेचाळीस मिनिटांनी आश्रय कार्यालयाच्या खिडकीत जबाबावर शिक्का पडला.

पोचपावती घेऊन ती केंद्रात परतली, कारण मुलगी तिथे होती. फाटकावरचा पहारेकरी मुलीशी काहीतरी बोलत होता. मुलगी धावत आली.

"आई, काका आले होते. आपण निवाऱ्यात गेलो होतो तेव्हा. हे म्हणतात, अडीच वाजता."

"मग आत का नाही आले?"

मुलीने विचारलं. पहारेकऱ्याने हात वर केले. दुपारी आतून निरोप आला होता, त्या माणसाला सोडायचं नाही. नाही सोडला. तो फाटकाबाहेरच्या कठड्यावर दहा-पंधरा मिनिटं बसला, तिची चौकशी केली, मग उठून गेला. बसस्टॉपकडे नाही, उलट दिशेला. जाताना फोनवर बोलत होता. कुठल्या भाषेत? पहारेकऱ्याने औषधवालीकडे बोट दाखवलं. तुमच्या.

"हातात काही होतं का, विचार."

"कागदाची गुंडाळी होती म्हणतात. रबर लावलेली."

"जाताना होती का हातात?"

पहारेकऱ्याने आठवून पाहिलं. ते त्याला सांगता येईना.

सहा वाजता, बसमध्ये, तिने मावशीचा नंबर त्या दिवसात सदतिसाव्यांदा लावला. या वेळी फोन उचलला गेला. पलीकडे गिरणी चालू होती. पट्ट्याचा आवाज स्पष्ट येत होता. "मावशी?" ती म्हणाली. "मावशी? धाकट्या?" कोणी बोललं नाही. बावीस सेकंदांनी पलीकडून फोन ठेवला गेला.